मोकळा तळमजला

'तळमजला' हा शब्द आमच्या सोसायटीत आता कोणी वापरत नाही. त्याला 'पार्किंग' म्हणतात. पहिला मजला म्हणजे पार्किंगच्या वरचा. खाली जे काही आहे तो जणू इमारतीचा भागच नव्हे, अंगणाचा एक तुकडा आहे, अशी आपली समजूत झालेली असते. तिथे गाड्या लागतात, पावसाळ्यात मुले क्रिकेट खेळतात, गणपतीचा मांडव तिथेच पडतो, वार्षिक सभा तिथेच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून होते आणि कोणाच्या घरी कोणी गेले तर माणसे तिथेच येऊन उभी राहतात. इतका उपयोगी मजला दुसरा नाही. पण सगळ्यात जास्त ओझे वाहणारा मजलाही तोच, आणि आपण नेमके त्यालाच सगळ्यात उघडे ठेवले आहे.

जुन्या वाड्यांत याच्या उलट असे. खाली दगडी जोते, जाड भिंती, लहान खिडक्या. वर लाकूडकाम आणि पातळ विटकाम. खाली जड आणि वर हलके हे घर बांधणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नसे. जुने ते सगळे चांगले असे मला म्हणायचे नाही, त्याचे कारण पुढे येईलच. पण गाडी ठेवायला जागा हवी म्हणून खालच्या सगळ्या भिंती काढून टाकायच्या आणि वर चार मजले भिंतींनी गच्च भरायचे, ही कल्पना आपल्या आजोबांना विचित्रच वाटली असती.

ही पद्धत का रुजली हे समजण्यासारखे आहे. शहरात जागा महाग, गाड्या वाढलेल्या, आणि खांबांवर मोकळा ठेवलेला पार्किंगचा मजला चटईक्षेत्रात धरला जात नसे. बिल्डरला फायदा, घर घेणाऱ्यालाही फायदा. पुण्यात माझ्या ओळखीच्या ज्या इमारती आहेत, त्यांतल्या बहुतेक अशाच आहेत. आमचीही तशीच, १९९४ ची. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा बिऱ्हाडे.

मी शाळेत भूगोल शिकवत होतो. भूकंपाचा धडा दरवर्षी यायचा. पण त्या धड्यात सगळे जमिनीच्या पोटातले. भूपट्ट, केंद्र, अपिकेंद्र, रिश्टर मापन. पृथ्वीचा छेद काढून दाखवला की धडा संपला. घराविषयी त्यात एक ओळ नव्हती. खरे तर माणूस मरतो तो घरामुळे. मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसाला भूकंप फार तर खाली पाडील.

मी स्वतः विद्यार्थी असताना तर 'दख्खनचे पठार हा स्थिर भूभाग आहे' असे घोकले होते. ते वाक्य ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, खोटे ठरले. आम्ही तेव्हा कराडला राहत होतो. कोयनेचा तो भूकंप साडेसहाच्या आसपासचा होता. कोयनानगर जवळजवळ सगळे पडले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या गल्लीत लोक बाहेर अंथरुणे टाकून झोपत असत. डिसेंबरची थंडी, तरी घरात जायला कोणी तयार नसे. त्या वेळी कोणते घर पडले आणि कोणते उभे राहिले, याचा विचार फारसा कोणी केला नाही. दैवावर सोडून दिले.

नंतर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबाने फार मोठी नव्हे, पण लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. घरे दगड-मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नाहीत, मध्ये नुसती माती भरलेली. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून तो थर पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलेला. भिंती फुटल्या आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

किल्लारीनंतर महाराष्ट्राने एक धडा घेतला, 'दगड-माती वाईट, सिमेंट-लोखंड चांगले.' धडा चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. त्याचा उरलेला अर्धा भाग सात-आठ वर्षांनी गुजरातेत आला.

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊ. शाळांत झेंडावंदन चालू होते. कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. भूज, भचाऊ, अंजार यांची जी दशा झाली ती आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. सरकारी आकड्यांप्रमाणेच तेरा हजारांच्या वर माणसे गेली. पण मला आज सांगायचे आहे ते अहमदाबादविषयी. अहमदाबाद त्या जागेपासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. इतक्या लांबच्या शहरात सिमेंट-लोखंडाच्या, चांगल्या वस्तीतल्या, वीस वर्षेही न झालेल्या इमारती खाली बसल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. पडलेल्या इमारतींत पार्किंग अधिक चार मजले आणि पार्किंग अधिक दहा मजले असे दोन नमुने ठळकपणे दिसत होते. खालचा मजला मोकळा, नुसत्या खांबांवर. साबरमतीच्या जुन्या गाळाच्या जमिनीने हादरे वाढवले हेही खरे. पण त्याच गल्लीत, त्याच जमिनीवर, खालच्या मजल्यावर भिंती असलेली घरे उभी राहिली होती.

त्या वेळची छायाचित्रे मी नंतर पाहिली. काही इमारतींचे वरचे मजले जवळजवळ आख्खे होते. खिडक्यांच्या काचा शाबूत. फक्त पहिला मजला जमिनीवर आलेला. पार्किंग नाहीसे झालेले.

हे का होते, ते इंजिनिअर नसलेल्या माणसालाही कळू शकते. मला कळले म्हणजे कोणालाही कळेल. घरातले एक लाकडी स्टूल घ्या, ज्याचे पाय जरा ढिले झाले आहेत. त्याच्यावर कपड्यांनी भरलेली पत्र्याची ट्रंक ठेवा. स्टूल सतरंजीवर आहे. आता सतरंजीला हिसका द्या. ट्रंक वाकणार नाही, ती एकसंध आहे. वाकतील ते स्टुलाचे पाय. आपली इमारत नेमकी अशीच आहे. वरच्या मजल्यांत खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती गच्च बसलेल्या असतात, त्यामुळे ते चारही मजले मिळून एक ट्रंक होते. खाली राहतात नुसते पाय.

थोडा हिशेब करू. समजा, भूकंपात इमारतीचा माथा पायापेक्षा पाच सेंटिमीटर सरकला. पाचही मजले सारखे ताठ असतील तर प्रत्येक मजल्याच्या वाट्याला एक सेंटिमीटर येतो. तेवढे खांब सोसतात. पण वरचे चार मजले हलायलाच तयार नसतील, तर ते पाचही सेंटिमीटर एकट्या पार्किंगच्या खांबांना सोसावे लागतात, तेही डोक्यावर सगळ्या इमारतीचे वजन घेऊन. खांब मधोमध मोडत नाही. तो वरच्या बीमच्या खाली आणि पायाच्या वर, अशा दोन टोकांना फुटतो. सगळे खांब एकदमच फुटले की वरचा भाग सरळ खाली येतो.

इंजिनिअर लोक याला 'सॉफ्ट स्टोरी' म्हणतात. मी प्रथम हा शब्द ऐकला तेव्हा मला तो एखाद्या बालकथेचा प्रकार वाटला होता. स्टोरी म्हणजे मजला. सॉफ्ट म्हणजे मऊ नव्हे, तर वरच्या मजल्यांच्या मानाने लेचापेचा.

यात गंमत अशी की, कागदावर हा दोष दिसत नसे. इमारतीचे गणित करताना विटांच्या भिंती फक्त वजन म्हणून धरण्याची रीत होती. त्यांच्यामुळे मजल्याला जो ताठपणा येतो, तो हिशेबात घेत नसत. त्यामुळे गणितात सगळे मजले सारखेच ताठ. प्रत्यक्षात वरचे एक आणि खालचा दुसरा. गणित बरोबर, उत्तर चूक. शाळेत असे उत्तर आले तर आम्ही म्हणायचो, 'उदाहरण नीट वाचले नाहीस.'

जगाला हे आधीपासून माहीत होते. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियात सॅन फर्नांडो येथे भूकंप झाला. तिथले ऑलिव्ह व्ह्यू नावाचे रुग्णालय अगदी नवे होते. वरच्या मजल्यांना काँक्रीटच्या भिंती, खालच्या दोन मजल्यांत मुख्यतः खांब. वरचा भाग टिकला, खालचे खांब इतके कलले की नवी इमारत पाडून टाकावी लागली. पुढे १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे पहाटे साडेचार वाजता भूकंप झाला. तिथल्या एका तीन मजली लाकडी इमारतीत खाली गाड्यांसाठी जागा होती. तो मजला चिरडला आणि खालच्या मजल्यावरची सोळा माणसे गेली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ मध्ये आणि लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये कायदाच केला की, अशा जुन्या लाकडी इमारतींचा तळमजला मालकाने ठरलेल्या मुदतीत मजबूत करून घेतलाच पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे असतो. त्याच्या इमारतीत असे काम झाले. गॅरेजच्या तोंडाशी लोखंडी चौकट उभी केली, काही आठवडे गाड्या रस्त्यावर लावाव्या लागल्या. त्याने फोटो पाठवले. एवढेसे काम पाहून मला नवल वाटले.

आपल्याकडे भूजनंतर, २००२ मध्ये, आयएस १८९३ ही भूकंपाविषयीची संहिता सुधारली गेली. तीत मोकळ्या तळमजल्याविषयी स्पष्ट नियम आला. तिथले खांब आणि बीम गणिताने येणाऱ्या आडव्या जोराच्या अडीचपट जोरासाठी करा, किंवा दोन्ही दिशांना समतोल अशा काँक्रीटच्या भिंती घाला, त्या दीडपट जोरासाठी. त्याच सुधारणेत देशाचा भूकंपाचा नकाशाही बदलला. पूर्वी किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या श्रेणीत होता. २००२ च्या नकाशात ती श्रेणीच काढून टाकली आणि किल्लारी तिसऱ्या श्रेणीत आली. कोयनेचा पट्टा चौथ्या श्रेणीत. आणि पुणे, मुंबई तिसऱ्या श्रेणीत. अहमदाबादही तिसऱ्याच श्रेणीत. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. आमची इमारत १९९४ ची, म्हणजे हा नियम येण्यापूर्वीची. आणि अहमदाबादेत जे पडले तेही याच काळातले, याच पद्धतीचे.

तरी इतकी वर्षे हा विषय माझ्या मनात नुसता वाचनाचा होता. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला. तिथे पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. तिथल्या पडलेल्या अनेक इमारतींत खाली दुकाने होती. दर्शनी बाजूला काचा आणि शटर, भिंती नाहीत. ती चित्रे पाहिल्यावर मी पार्किंगमध्ये उतरून आमचे खांब मोजले. नऊ इंच रुंद. भिंतही नऊ इंचाची, म्हणून खांबही नऊ इंचाचा, म्हणजे खोलीत कोपरा पुढे येत नाही आणि कपाट नीट बसते. आपल्या कपाटासाठी खांब बारीक झाला आहे, हे तोवर लक्षात आले नव्हते.

यंदा सोसायटीत बाहेरून रंग देण्याचा प्रस्ताव आला. मी कमिटीला पत्र दिले की, रंगाच्या आधी खालच्या मजल्याची तपासणी करून घ्यावी. सेक्रेटरी म्हणाले, "सर, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय की आपलं." ऑडिट झाले होते हे खरे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा वर्षे झालेल्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षे झालेल्या इमारतीचे दर तीन वर्षांनी ते करावे लागते. पण मी तो अहवाल वाचला. गच्चीची गळती, गंजलेल्या सळया, प्लास्टरच्या भेगा, ड्रेनेजचे पाइप. भूकंप हा शब्द त्यात एकदाही नव्हता. म्हातारपणाची तपासणी झाली होती. जन्मापासून असलेल्या दुबळेपणाची झाली नव्हती.

विशेष सभा झाली. तीन आक्षेप आले आणि तिन्ही अगदीच टाकाऊ नव्हते.

पहिला तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. "तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?" याला उत्तर एवढेच की, कोयनेलाही १९६७ पर्यंत इतके मोठे काही झाले नव्हते आणि किल्लारीलाही तोवर इतके मोठे काही झाले नव्हते. भूकंप होईलच असे मी म्हणत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. पण आपण आगीचा विमा काढतो तेव्हा आग लागणार म्हणून काढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. "पाच-सात वर्षांत रिडेव्हलपमेंट होणारच आहे. मग आता पैसे का घालायचे?" मी विचारले, पाच-सात वर्षे हे कोणी ठरवले? आमच्याच रस्त्यावर एका सोसायटीत ही चर्चा किती तरी वर्षे चालू आहे आणि अजून एक वीट हललेली नाही. तोवर रात्री झोपायचे याच इमारतीत आहे. आणि नवी इमारत झाली तरी खाली पार्किंग असणारच. तेव्हा बिल्डरला काय विचारायचे, हे आत्ताच शिकलेले बरे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलले नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच होता. भिंती घातल्या तर कोणाची गाडीची जागा जाणार?

बऱ्याच वादानंतर भूकंपाचे काम जाणणाऱ्या इंजिनिअरांना बोलावायचे ठरले. ते दोन दिवस आले. खांबांचे प्लास्टर थोडे काढून आतल्या रिंगा पाहिल्या. उभ्या सळयांना वेढणाऱ्या लोखंडाला साइटवर रिंग म्हणतात. भूकंपात खांब फुटू लागला की आतले काँक्रीट धरून ठेवण्याचे काम या रिंगांचे. खांबाच्या दोन्ही टोकांना त्या जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोके काँक्रीटच्या पोटात आत वळवलेली हवीत. १९९३ च्या आयएस १३९२० या संहितेत हे सांगितलेले आहे. आमच्या रिंगा लांब लांब होत्या आणि टोके काटकोनात वळवलेली. काटकोनातली टोके जोर आला की उघडतात.

त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या, ज्या माझ्या कधीच लक्षात आल्या नसत्या. एक म्हणजे कंपाउंडच्या बाजूला दोन खांबांमध्ये बांधलेली छातीइतकी भिंत. आपल्याला वाटते, अर्धी का होईना, भिंत आहे. पण अर्ध्या भिंतीने खांबाचा खालचा भाग जखडला जातो, वरचा आखूड तुकडा मोकळा राहतो आणि सगळा जोर त्या आखूड तुकड्यावर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या कोपऱ्यातली वॉचमनची खोली. तिच्या विटांच्या भिंती थेट दोन खांबांना चिकटलेल्या. त्यामुळे इमारतीचा तो एक कोपरा ताठ, बाकीचे तीन ढिले. धक्का आला की इमारत नुसती हलणार नाही, त्या कोपऱ्याभोवती पिळली जाईल. म्हणून 'कुठे तरी एखादी भिंत घालून टाकू' हा उपाय नव्हे. भिंती घालायच्या तर दोन्ही दिशांना, समोरासमोर, शक्यतो बाहेरच्या कडांना. त्यांना खाली स्वतःचा पाया हवा आणि वर बीमशी घट्ट जोड हवा. काही खांबांना जॅकेटिंग, म्हणजे जुन्या खांबाभोवती नवे लोखंड बांधून काँक्रीटचा नवा अंगरखा. अस्तित्वात असलेल्या काँक्रीटच्या इमारती तपासणे आणि मजबूत करणे यासाठी २०१३ ची आयएस १५९८८ ही वेगळी संहिताच आहे.

अंदाजपत्रक रंगकामापेक्षा जास्त होते, पण इतके नव्हे की सोळा बिऱ्हाडांना झेपू नये. दोन मोटारींच्या जागा जाणार होत्या. आणि वॉचमनची खोली काढावी लागणार होती.

इथे मला त्या वॉचमनविषयी लिहिले पाहिजे. तो औसा तालुक्यातला. १९९३ मध्ये दहा वर्षांचा होता. त्या पहाटे त्याची आजी आणि धाकटी बहीण गेली. हे त्याने मला एकदाच सांगितले होते, तेही गावाचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे तो, त्याची बायको आणि दोन मुले त्या कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. धाकटी मुलगी माझ्याकडे गणिताला येते. इंजिनिअर खांब ठोकून पाहत होते तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. मला म्हणाला, "सर, आमच्या गावाकडं दगड-मातीनं घात केला. इथं तर समदं सिमेंट हाय. इथं काय भेव हाय?"

मी त्याला स्टूल आणि ट्रंक समजावून सांगितले. त्याला ते लगेच कळले. तो काही बोलला नाही. आपल्या खोलीकडे पाहिले आणि मोटारी पुसायला गेला. सोळा बिऱ्हाडे म्हणून आम्ही सभेत हिशेब करत होतो. राहती बिऱ्हाडे सतरा होती, आणि सतरावे नेमके त्या मजल्यावर होते.

पुढच्या सभेत सगळे रिंगा आणि जॅकेटिंगवर बोलले. मग कोणीतरी सहजपणे म्हणाले, "खोली काढायचीच आहे, तर त्याला बाहेर कुठे तरी जागा बघायला सांगू." वाईट हेतूने नव्हे. पण या शहरात वॉचमनच्या पगारात बाहेर जागा म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय मुलींची शाळा इथली. म्हणजे इमारत सुरक्षित करण्यासाठी जे पहिले माणूस हलणार, ते असे की ज्याच्या डोक्यावर आजवर सगळ्यात जास्त धोका होता. मी तेवढे बोललो आणि खाली बसलो. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या एरवी सभेत बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "फाटकाजवळ हलक्या छपराची खोली करता येईल ना? खर्च आपण वाटून घेऊ." इंजिनिअरांनीही मान डोलावली. इमारतीपासून सुटी, पत्र्याची, हलकी खोली. परवानगी घ्यावी लागेल, पण होण्यासारखे आहे.

गाड्यांचा प्रश्न अजून सुटायचा आहे. जाणाऱ्या दोन जागांपैकी एक माझ्या मुलाच्या मोटारीची आहे. ती आम्ही सोडली. मुलगा थोडा कुरकुरला, पण सोडली. दुसऱ्या जागेचे मालक विचार करून सांगतो म्हणाले. रंगकाम पुढे ढकलण्याचा ठराव अकराविरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. एक जण गैरहजर होते.

'जुन्या इमारतीला कुठे मजबूत करतात का?' असे पुष्कळ जण विचारतात. त्यांना मी कोयनेचे उदाहरण देतो. १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या काही भागाला वरच्या बाजूला भेगा पडल्या. धरण फुटले नाही. पण ते पाडून नवे बांधले नाही, आणि 'टिकले ना, मग राहू दे' असेही कोणी म्हटले नाही. ज्या भागांतून पाणी सांडत नाही त्यांच्या पाठीशी काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ते मजबूत केले. पुढे मधल्या, पाणी सांडणाऱ्या भागाचेही मजबुतीकरण झाले. भूकंपाचे लहान धक्के त्या भागात आजही बसत असतात आणि धरण उभे आहे. उभ्या असलेल्या बांधकामाला आधार देण्याची ही विद्या परदेशातून यायची नाही. ती आपल्या सातारा जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वीच वापरली गेली आहे.

वाचकांना एक विनंती. आज खाली उतराल तेव्हा गाडी काढण्यापूर्वी पाच मिनिटे पार्किंगमध्ये उभे राहा. इमारत कोणत्या साली झाली ते आठवा. खांबांची रुंदी हाताने मोजा. भिंती एकाच बाजूला आहेत का, अर्ध्या भिंती खांबांना चिकटल्या आहेत का, गाडी घासते म्हणून कोणी खांबाचा कोपरा छाटला आहे का, हे पाहा. मग पुढच्या ऑडिटच्या वेळी इंजिनिअरांना एकच प्रश्न लेखी विचारा, 'हा मोकळा तळमजला भूकंपासाठी तपासला आहे का?' उत्तरही लेखीच मागा. आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी यांनी काढलेली 'अर्थक्वेक टिप्स' ही छोटी टिपणे सचित्र आणि सोपी आहेत. मोकळ्या तळमजल्यावर त्यांत एक स्वतंत्र टिपण आहे. सभेत वाटायला चांगले.

आणि तुमच्या पार्किंगमध्येही कोणाचे बिऱ्हाड असेल, तर बिऱ्हाडांची संख्या मोजताना ते धरा.

आमच्याकडचे काम पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचे आहे. तुमच्यापैकी कोणाच्या सोसायटीत असे काम झाले असेल, तर गाड्यांचा प्रश्न कसा सोडवला ते मला जरूर कळवा. बाकी सगळे इंजिनिअर सांगतात. तेवढे मात्र आपले आपल्यालाच सोडवावे लागते.